बर्फ पडला की निघू

2024 च्या जानेवारीत, दुसऱ्या आठवड्यात, आम्ही चौघं गुलमर्गला पोहोचलो तेव्हा तिथलं कुरण वाळक्या गवताने पिवळं पडलेलं होतं. घोडेवाले होते, स्लेज ओढणारे होते, दुकानांबाहेर भाड्याच्या स्की ओळीने उभ्या होत्या. बर्फ तेवढा नव्हता. विमानाची तिकिटं आम्ही ऑक्टोबरमध्येच काढली होती, हॉटेलचे पूर्ण पैसे भरले होते, आणि ज्या प्रवासी कंपनीकडून सहल घेतली तिच्या अटींमध्ये तारीख बदलायची सोयच नव्हती. चार दिवस उघड्या डोंगराकडे बघत काढले आणि परत आलो. त्याच महिन्याच्या अखेरीस तिथे बर्फ पडायला लागला.

तेव्हापासून मी स्कीइंगच्या सहलीची आखणी उलट्या क्रमाने करते. आधी तारीख, मग तिकीट, मग हॉटेल आणि शेवटी बर्फाची वाट, हा क्रम महाबळेश्वरला चालतो. स्कीइंगला चालत नाही. इथे आधी बर्फ, मग तिकीट. आपण ‘स्कीइंग म्हणजे श्रीमंतांचा छंद’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे स्वित्झर्लंड असतं. पण पहिल्यांदा शिकणाऱ्याला जेवढा उतार लागतो तेवढा काश्मिरातल्या गुलमर्गला, मनालीजवळच्या सोलंगला, उत्तराखंडातल्या औलीला आहे. व्हिसा लागत नाही, आणि मुंबई-पुण्याहून रेल्वेने दोन-अडीच दिवसांत पोहोचता येतं. खर्च फुगतो तो आपल्या ठाम तारखांमुळे. ऐन गर्दीच्या आठवड्यातलं विमान, परत न मिळणारं हॉटेलचं भाडं, आणि वर बर्फ नाही. तारीख सैल ठेवता आली तर सहलीचा निम्मा प्रश्न सुटतो, म्हणून सगळ्यात आधी तारखेबद्दलच लिहिते.

आपल्याकडे जसा मोसमी पाऊस, तसा उत्तरेच्या डोंगरांत हिवाळ्याचा बर्फ. तो आणतात पश्चिमी विक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण-अफगाणिस्तान ओलांडून येणारे वाऱ्याचे आणि ओलाव्याचे पट्टे. एक पट्टा येतो, दोन-तीन दिवस बर्फ टाकतो आणि पुढे सरकतो. मधल्या दिवसांत निळं आकाश. हे पट्टे कधी लागोपाठ येतात, तर कधी तीन-तीन आठवडे फिरकत नाहीत. काश्मिरात 21 डिसेंबर ते 30 जानेवारी या चाळीस दिवसांना ‘चिल्लई कलां’ म्हणतात, कडाक्याच्या थंडीचा काळ. पुढचे वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’, त्यापुढचे दहा ‘चिल्लई बच्चा’. थंडी सर्वांत जास्त पहिल्या चाळीस दिवसांत असते, म्हणून आपल्याला वाटतं बर्फही तेव्हाच भरपूर असणार. पण बर्फ साठत जातो, आणि अलीकडच्या वर्षांत तो उशिरा येतोय. 2025 मध्ये गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा 22 फेब्रुवारीपासून व्हायच्या होत्या. पुरेसा बर्फ नाही म्हणून त्या पुढे ढकलल्या आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झाल्या. राष्ट्रीय स्पर्धेला जर तारीख बदलावी लागते, तर आपण आपल्या सात दिवसांचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

माझा सल्ला असा: जानेवारीचा शेवटचा आठवडा ते मार्चचा पहिला आठवडा हा काळ डोक्यात धरा आणि त्यात तुम्हाला जमतील असे दोन वेगवेगळे आठवडे निवडा. कार्यालयात आधीच सांगून ठेवा की यातल्या एका आठवड्यात रजा लागेल, नक्की कोणता ते आठ-दहा दिवस आधी कळवते. बहुतेक ठिकाणी हे चालतं, कारण मार्चअखेरची घाई अजून लांब असते. 26 जानेवारीला जोडून येणारी सुट्टी आणि नाताळ ते नववर्ष हे दिवस टाळा. तेव्हा दर चढलेले असतात, रस्ते तुंबलेले असतात, आणि शिकवणाऱ्याकडे तुमच्यासाठी वेळ नसतो.

अडचण खरी आहे ती शाळेची. आपल्या दोन मोठ्या सुट्ट्या दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या, आणि दोन्ही वेळेला शिकायच्या उतारांवर बर्फ नसतो. मे महिन्यात रोहतांगच्या बाजूला उरलेल्या मळक्या बर्फावर पंधरा मिनिटं स्की घालून उभं राहणं म्हणजे स्कीइंग नव्हे. घरात दहावी-बारावीचं कुणी असेल तर त्या वर्षी जाऊच नये. लहान इयत्तांतलं मूल असेल तर फेब्रुवारीतले पाच दिवस शाळेला अर्ज देऊन मागून घ्या, मी तेच केलं. बर्फावर पडून स्वतःचं स्वतः उठायला शिकलेलं मूल त्या पाच दिवसांचा अभ्यास भरून काढतं, असा माझा अनुभव आहे.

तारीख सैल ठेवायची तर तिकीटही सैल हवं, आणि इथे रेल्वेसारखा दुसरा मित्र नाही. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. पहिल्या आठवड्याचं तिकीट काढून ठेवायचं. निघण्याच्या चार-पाच दिवस आधी डोंगर कोरडा दिसला तर रद्द करायचं. वेळेत रद्द केलं की थोडी रक्कम कापून बाकी परत मिळते. तत्काळमध्ये मात्र पक्कं झालेलं तिकीट रद्द केलं तर काही परत मिळत नाही, तेव्हा तत्काळ फक्त बर्फ पडल्याची खात्री झाल्यावर. पुण्याहून जम्मूला झेलम एक्सप्रेस जाते. मुंबईहून वांद्रे टर्मिनसवरून सुटणारी स्वराज एक्सप्रेस थेट कटऱ्याला नेते. जून 2025 मध्ये कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आणि चिनाबच्या पुलावरून साधारण तीन तासांत खोऱ्यात उतरता येऊ लागलं. पूर्वी बर्फात जम्मू-श्रीनगर रस्ता बंद पडला की माणसं वाटेत दोन-दोन दिवस अडकायची, त्यामुळे या गाडीचं महत्त्व नुसतं तिकिटाच्या दरात मोजू नका. मनालीसाठी चंडीगढ किंवा दिल्ली गाठायची आणि तिथून रात्रीची बस. गोव्याकडच्या मंडळींना गोवा एक्सप्रेस वास्कोहून मिरज, सातारा, पुणे करत दिल्लीला नेते. औलीसाठी हरिद्वार. जानेवारीत उत्तरेत धुकं असतं आणि गाड्या सहज पाच-सहा तास उशिरा धावतात, म्हणून दिल्लीत पुढची बस दोन तासांच्या अंतराने धरू नका. फेब्रुवारीत हा त्रास बराच कमी होतो.

विमानाने जायचंच असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तारीख बदलता येणारं तिकीट घ्या. खोलीबाबतही तसंच. दोन-तीन दिवस आधीपर्यंत फुकट रद्द करता येईल अशीच खोली घ्यायची, दर थोडा जास्त पडला तरी. लहान हॉटेलवाल्यांशी फोनवर सरळ बोला. ‘बर्फ पडला तर येतो, नाहीतर पुढच्या आठवड्यात’ हे वाक्य त्यांना नवीन नसतं.

फोनवर विचारायचं काय, हेही ठरवून घ्या. ‘बर्फ आहे का?’ असं विचारलं तर उत्तर नेहमी ‘हो’ असतं, कारण सावलीच्या कोपऱ्यात कुठे ना कुठे असतोच. विचारा की शिकायच्या उतारावर बर्फ घोट्याइतका आहे, की गुडघ्याइतका? शेवटचा कधी पडला? आज स्की शिकवणारे उतारावर आहेत का? आज सकाळचा एक फोटो पाठवता का? हेच प्रश्न दोन वेगळ्या माणसांना विचारा, एक हॉटेलवाला आणि एक स्की भाड्याने देणारा. उत्तरं जुळली तर निघा. हवामान खात्याचा अंदाज सोबत बघायचाच. विक्षोभ येतोय असं दिसलं तर तो सरून गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोहोचाल अशा बेताने निघा. बर्फ पडत असताना रस्ते आणि विमानं बंद होतात. पडून गेल्यावर ताजा मऊ उतार आणि स्वच्छ ऊन मिळतं, आणि नवशिक्यासाठी मऊ बर्फावर पडण्याइतकं सुख नाही.

आता जागा. तिन्ही ठिकाणांचे स्वभाव वेगळे आहेत.

गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच टोक म्हणजे कळसूबाई, 1,646 मीटर. म्हणजे गुलमर्गचा बाजारच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हजार मीटर उंच. इथे नवशिक्याला सर्वांत मोठा फायदा कुरणाचा. उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात त्याच गवताळ सौम्य उतारांवर हिवाळ्यात शिकवतात. खाली दगड-गोटे नसल्यामुळे बेताच्या बर्फावरही सराव होतो. गोंडोला म्हणजे इथली केबल कार. तिचा पहिला टप्पा सुमारे 3,080 मीटरवर कोंगडोरीला नेतो, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर सुमारे 3,950 मीटरपर्यंत. जगभरातले लोक येतात ते या दुसऱ्या टप्प्यासाठी, पण पहिल्या सहलीत तुम्हाला त्याची गरज नाही. पहिले तीन दिवस गोंडोलाचं तिकीटच काढू नका. ते पैसे शिकवणाऱ्याला द्या. फिरायला म्हणून एकदा वर जायचं असेल तर शेवटच्या दिवशी जा, आणि स्की खाली ठेवून जा.

राहायला 13 किलोमीटर खाली तनमर्गला स्वस्त पडतं. मी दोन्ही करून पाहिलंय. बर्फात तनमर्गहून वर यायला चाकांना साखळ्या बांधलेली गाडी लागते, रोज सकाळचे दोन तास त्यात जातात आणि गाडीभाडं वेगळं. चार दिवस तनमर्गला राहण्यापेक्षा तीन दिवस वर राहणं मला बरं वाटतं. आणखी एक, आपल्याकडची प्रीपेड सिमकार्डं जम्मू-काश्मिरात चालत नाहीत. चौघांत निदान एकाकडे पोस्टपेड असू द्या. एप्रिल 2025 मधला पहलगामचा हल्ला आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही, त्यात महाराष्ट्रातलीही माणसं गेली. घरच्यांचा जीव टांगणीला लागणार असेल तर वाद घालू नका, सोलंग किंवा औली निवडा. शिकण्यात काही कमी पडत नाही.

सोलंग मनालीपासून 13-14 किलोमीटर. पोहोचायला सोपं, खर्चाला हलकं, आणि म्हणूनच गर्दीचं. उतार लहान आहे, आणि दुपारी त्याच उतारावर टायर, स्कूटर, घोडे सगळं एकत्र येतं. त्यामुळे इथे सकाळी लवकर उतारावर हजर राहायचं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत मुख्य सराव संपवायचा. मनालीच्या मॉल रोडवर राहू नका. मोसमात मनाली-सोलंग रस्त्यावर गाड्या तासन् तास रखडतात. पलचान, बुरुवा किंवा सोलंग गावातच घरगुती खोली घ्या. ती स्वस्त मिळते, तंदूर पेटलेला असतो आणि उतार चालत जाण्याइतका जवळ. सोलंगला बर्फ कमी पडला तर अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये सिस्सूला, किंवा हामटा खोऱ्यातल्या सेथन गावाच्या बाजूला बर्फ असण्याची शक्यता जास्त. सेथन स्नोबोर्डवाल्यांचं आवडतं आहे, पण तिथे लिफ्ट नाही. पाठीवर बोर्ड घेऊन चढायचं आणि मग उतरायचं.

औलीचं सौंदर्य वेगळंच आहे, समोर नंदादेवी. उतार 2,500 ते 3,050 मीटरच्या दरम्यान, देवदार-ओकच्या झाडीतून. 2011 च्या जानेवारीत दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा इथे झाल्या होत्या. तेव्हापासून कृत्रिम बर्फाची यंत्रणाही आहे, पण तिच्या भरवशावर सहल आखू नका. औली तुलनेने दक्षिणेला असल्याने कमी बर्फाच्या वर्षात पहिला फटका तिलाच बसतो. हरिद्वारहून औलीच्या पायथ्याचं ज्योतिर्मठ, म्हणजे आधीचं जोशीमठ, इथपर्यंतचा सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचा घाटरस्ता पूर्ण दिवस खातो. बस पहाटे सुटतात, म्हणून आदल्या रात्री हरिद्वार-ऋषिकेशला मुक्काम. जानेवारी 2023 मध्ये जोशीमठची जमीन खचू लागल्यावर तिथून वर औलीला जाणारा रोपवे बंद करण्यात आला. तेव्हा वर रस्त्यानेच जायची तयारी ठेवा. नारकंडाचंही नाव तुम्ही ऐकाल, सिमल्याच्या पुढे. उतार छोटा आहे, सिमल्याला गेलाच असाल आणि बर्फ पडला तर एक दिवस जरूर जा. त्यासाठी मुद्दाम इथून निघू नका.

पैसे वाचवायचा सगळ्यात सरळ मार्ग मात्र हॉटेलात नाहीच, तो संस्थांच्या अभ्यासक्रमात आहे. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग आहे. पहलगामची जवाहर इन्स्टिट्यूट आणि मनालीची अटल बिहारी वाजपेयी माउंटेनिअरिंग संस्था साधारण दोन आठवड्यांचे स्की अभ्यासक्रम घेतात. औलीला गढवाल मंडल विकास निगम आठवड्याचे आणि पंधरवड्याचे वर्ग चालवतं. राहणं, जेवण, स्की, बूट आणि शिकवणं एकाच शुल्कात येतं, आणि तेवढ्या पैशांत स्वतःच्या जिवावर तेवढे दिवस काढणं जमत नाही. बदल्यात पहाटे उठायचं, शिस्त पाळायची, सामायिक खोलीत राहायचं. वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, वयाची अट असते, आणि जागा लवकर भरतात. आपल्याकडच्या गिर्यारोहण संस्थांतली मुलं हे वर्ग वर्षानुवर्षं करत आली आहेत. तुमच्या ओळखीत कुणी ना कुणी निघेल, त्याच्याशी बोला. इथे तारीख संस्था ठरवते हे खरं, पण वर्गच दोन आठवड्यांचा असल्यामुळे मधे निदान एकदा बर्फाशी गाठ पडायची शक्यता चांगली असते. निवड असेल तर फेब्रुवारीची तुकडी घ्या.

अभ्यासक्रमाला जाणं जमणार नसेल तर शिकवणारा दिवसावर ठरवा. ‘एक राउंड’ म्हणून जे विकतात त्यात माणूस तुमचा हात धरून शंभर फूट खाली नेतो, फोटो काढतो आणि संपलं. स्की, बूट, काठ्या, हेल्मेट यांचं दिवसाचं भाडं वेगळं आणि शिकवण्याचं वेगळं, दोन्ही आकडे बूट पायात घालण्याआधी ठरवा. त्याचं नोंदणीचं कार्ड मागा. खरा शिकवणारा ते हसून दाखवतो. सारख्या तयारीचे तिघं मिळून एक शिकवणारा करा. चारच्या वर नको, कारण मग तुमची पाळी येईपर्यंत पाय गारठतात.

बुटांवर मी जरा थांबते. पहिल्या दिवशी रडवेले झालेले जे नवशिके मी पाहिले त्यांतल्या बहुतेकांचा बर्फाशी झगडा नव्हताच, बुटाशी होता. दुकानात घाई करू नका. आधी हात बुटाच्या आत घालून अस्तर चाचपा. ओलं असेल तर दुसरी जोडी मागा, कारण ओलं अस्तर तासाभरात बोटं बधिर करतं. मोजा एकच, पातळ आणि गुडघ्यापर्यंतचा. दोन जाड मोजे घातले की ऊब वाढते असं वाटतं, पण पाय आवळला जाऊन रक्त खेळत नाही आणि उलट गारठतो. आतली विजार बुटात खोचायची नाही, तिची शिवण नडगीला टोचते. पाय आत घालून टाच जमिनीवर दोनदा आपटा, म्हणजे ती मागे नीट बसते. मग बकलं लावा. सरळ उभं राहिलं की अंगठा पुढच्या टोकाला हलका टेकला पाहिजे, आणि गुडघे पुढे वाकवले की तो मागे सरकला पाहिजे. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा. असेच पाच मिनिटं दुकानात चाला. घोट्याच्या हाडावर एकाच ठिकाणी दुखायला लागलं तर लाजू नका, बदला. नंतर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. पडल्यावर बूट स्कीतून सुटून यावा म्हणून तिथे आकडा लावलेला असतो, आणि तो तुमचं वजन, बुटाची लांबी आणि तयारी बघून लावायचा असतो. वजन न विचारता कुणी स्की हातात दिली तर स्वतःहून सांगा आणि समोर लावून घ्या. गुडघा वाचतो तो इथे. पहिल्यांदा स्की हनुवटीइतकी उंच पुरे.

स्की की स्नोबोर्ड, हा प्रश्न तरुण मंडळी हमखास विचारतात. चार दिवसांच्या सहलीत स्की घ्या. स्कीवर पहिल्या दुपारी माणूस थोडंफार सरकतो आणि थांबायला शिकतो. बोर्डवर पहिले दोन दिवस मनगटं आणि माकडहाड यांच्यावर आपटण्यात जातात, तिसऱ्या दिवसानंतर मात्र प्रगती झपाट्याने होते. त्यात गुलमर्गच्या कुरणावर सपाट पट्टे फार, आणि सपाटीवर बोर्डवाल्याला एक पाय मोकळा करून ढकलत जावं लागतं. बोर्डच शिकायचा असेल तर आठवडा काढा आणि मनगटाच्या पट्ट्या घरून न्या.

कपडे विकत घेण्यात हजारो रुपये जातात आणि बहुतेक ते वाया असतात. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक करणाऱ्याकडे निम्मं सामान असतंच. अंगालगत थर्मल, वर लोकरी स्वेटर किंवा फ्लीस, आणि सगळ्यावर पाणी न शिरणारं जाकीट. जीन्स नको. सुती कापड भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. वरची विजार भाड्याने मिळते. मनालीहून सोलंगला जाताना रस्त्याच्या कडेला नंबर घातलेली दुकानंच दुकानं लागतात, आतून कोरडा आणि नाडी-चेन धड असलेला पोशाख बघून घ्या. हातमोजे आणि गॉगल मात्र स्वतःचे, चांगले. पडल्यावर हात बर्फात जातात, भाड्याचे लोकरी मोजे दहा मिनिटांत चिंब होतात. बर्फावरून परतणारं ऊन खालून चेहरा भाजतं, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांपाशीही लावा.

शरीराची तयारी फुकट आहे आणि ती दीड महिना आधी सुरू करायची. पुणेकरांना सिंहगड आहे, मुंबईकरांना इमारतीचा जिना आहे. चढण्यापेक्षा उतरण्यावर लक्ष द्या, कारण स्कीइंगमध्ये मांडीच्या पुढच्या स्नायूंवर ताण येतो आणि ते स्नायू उतरतानाच कमावले जातात. रोज उठाबशा काढा, आणि भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं मिनिटभर थांबा. ते मिनिट तीन मिनिटांपर्यंत न्या. पोहोचल्या दिवशी उतारावर धावू नका. उंचीची सवय व्हायला एक रात्र लागते. पाणी प्या, दारू नको.

एका बाबतीत मात्र काटकसर आणि लवचीकपणा दोन्ही बाजूला ठेवायचे. फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवटच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर मरण पावले. ते सरावलेले लोक जातात तो वरचा मोकळा डोंगर होता. ताजा बर्फ पडून गेल्यावरचे पहिले दिवस तिथे सर्वांत धोक्याचे. आखून दिलेला, पथकाची नजर असलेला उतार सोडून जायचं नाही, सोबतचा कुणीही ‘इथून मस्त आहे’ म्हणाला तरी. संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था जिल्हावार हिमस्खलनाचे इशारे देते, ते वर्तमानपत्रांतही येतात. विमा काढताना साहसी खेळ वगळलेले नाहीत ना, हे कंपनीकडून लेखी घ्या.

शिकायला जवळचा छोटा उतार पुरतो, हे परदेशातही खरं आहे. न्यू जर्सीत राहणारी माझी मावसबहीण मुंबईहून तिकडे शिकायला आलेल्या मुलांना सांगते की कॉलोराडोच्या तिकिटाचे पैसे जमेपर्यंत थांबू नका. तिथल्याच व्हर्ननमधल्या माउंटन क्रीक या स्कीच्या डोंगरावर ती आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी जाते, दिव्यांच्या उजेडात दोन तास सराव करून रात्री घरी जेवायला असते. न्यू जर्सीतल्याच ईस्ट रदरफर्डला तर 2019 पासून बिग स्नो नावाचा बंदिस्त उतार आहे, तिथे भर जुलैतही स्कीइंग करता येतं. मोठा डोंगर नंतरही बघता येतो, पाय घट्ट होतात ते छोट्या उतारावर पुन्हा पुन्हा गेल्याने. मला हे पटतं.

आमची पुढची सहल सोलंगची झाली. दोन आठवडे डोळ्यांसमोर ठेवले होते, पहिला कोरडा गेला, तिकीट रद्द केलं. दुसऱ्या आठवड्याच्या तोंडावर बुरुव्याच्या घरमालकिणीने फोटो पाठवला, तिच्या अंगणातली चूल बर्फाखाली गेलेली. तिसऱ्या रात्री आम्ही दिल्लीहून बसमध्ये होतो. पहिला दिवस स्कीची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकलेली, वरून बघितलं तर कौलारू छपरासारखा आकार, तेवढं एकच करण्यात गेला. त्या आकारात टाचा बाहेर ढकलल्या की वेग मरतो. शरीर मागे रेललं की स्की पळतात, नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की ऐकतात. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी अकरा वर्षांची मुलगी न पडता खालपर्यंत गेली आणि स्की खांद्यावर घेऊन परत चढू लागली, लिफ्टचे पैसे मागायलाही थांबली नाही.

आम्ही पाच दिवसांत शिकायला चार धरले होते आणि एक मोकळा ठेवला होता. तो मोकळा दिवस कापू नका. शिकण्याच्या शेवटच्या दिवशी रात्री पुन्हा बर्फ पडला, सकाळी रस्ता बंद होता आणि दुपारी उघडला. परतीची बस दुसऱ्या दिवशीची असल्यामुळे धावपळ झाली नाही. स्की आणि बूट आदल्या संध्याकाळीच परत करा, निघायच्या सकाळी दुकान उघडेलच असं नाही. अनामत म्हणून मूळ आधार कार्ड ठेवू नका, त्याची प्रत आणि थोडी रोख रक्कम पुरते.